वसंताच्या तोंडावर बर्फाळ डोंगर आणि सोबत कुत्रा : तयारीपासून परतीपर्यंत

वसंताच्या सुरुवातीला डोंगरावरचा बर्फ दिवसभर एकसारखा राहत नाही, आणि या लेखातील बहुतेक सूचना याच एका गोष्टीतून निघालेल्या आहेत. रात्री आकाश निरभ्र असेल तर बर्फाचा पृष्ठभाग इतका कडक गोठतो की पहाटे त्यावर बुटाची टाच आपटली तरी जेमतेम ओरखडा उठतो. ऊन चढू लागले की दोन-तीन तासांत तोच पृष्ठभाग रवाळ होतो आणि दुपारी त्याच जागी माणूस मांडीपर्यंत रुततो. माणसाला हा बदल बुटाखाली जाणवतो आणि त्यावर विचार करून तो मागे फिरू शकतो. कुत्र्याला तो आपल्याआधी जाणवत असेलही, पण आपला माणूस पुढे चालला आहे तोवर मागे फिरायचे त्याच्या मनात येत नाही. दमलेली, पंजे सोललेली, पोटाखालून भिजलेली कुत्रीसुद्धा शेपूट हलवत चालत राहतात. त्यामुळे निघण्याची वेळ, वाट आणि परत फिरण्याची वेळ या तिन्ही गोष्टी कुत्र्याकडे पाहून ठरवाव्या लागतात, आणि त्या घरी बसून, डोके थंड असताना ठरवाव्या लागतात.

कुत्रा या चढाईसाठी योग्य आहे का

वाढत्या वयातील पिल्लांच्या हाडांच्या टोकांशी असणाऱ्या वाढीच्या चकत्या जातीनुसार साधारण १२ ते १८ महिन्यांपर्यंत भरून आलेल्या नसतात, म्हणून दीड वर्षाच्या आतील कुत्र्याला खोल बर्फातील दिवसभराची चढाई करायला लावू नये. पग किंवा बुलडॉगसारख्या बसक्या नाकाच्या कुत्र्यांना मोठ्या श्रमात पुरेसा श्वास घेता येत नाही, त्यांना डोंगरावर नेऊच नये. म्हाताऱ्या किंवा सांधे दुखणाऱ्या कुत्र्याचा निर्णय पशुवैद्याला विचारून घ्यावा. आत लोकरीसारखा मऊ थर आणि वर राठ केस असे दुहेरी आवरण असलेली कुत्री थंडी सहज सोसतात, तर आखूड आणि एकेरी केसांच्या कुत्र्याला विश्रांतीच्या वेळी जॅकेट लागतेच.

याखेरीज दोन गोष्टींकडे सहसा दुर्लक्ष होते. एक म्हणजे पायांची उंची : ज्या बर्फात आपण पोटरीपर्यंत रुततो, त्यात आखूड पायांचा कुत्रा छातीपर्यंत बुडतो आणि प्रत्येक पावलाला उडी मारून बाहेर येतो, म्हणजे आपल्या एका तासात तो तीन तासांचे काम करत असतो. दुसरी गोष्ट म्हणजे वजन. पाय दुखावलेला कुत्रा खाली उचलूनच आणावा लागतो, आणि बारा किलोचा कुत्रा खांद्यावर घेऊन बर्फात चालता येते, पस्तीस किलोचा घेऊन एकट्याला चालता येत नाही. मोठा कुत्रा न्यायचा असेल तर त्याला आळीपाळीने उचलू शकतील अशी किमान दोन धडधाकट माणसे सोबत हवीत.

तयारीला दीड-दोन महिने द्यावेत. आठवड्यातून तीन-चार वेळा चढउतारावर चालणे आणि अंतर हळूहळू वाढवणे हे उघडच आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ‘थांब’, ‘ये’ आणि ‘मागे’ या तीन आज्ञा पक्क्या होणे. यांतील ‘मागे’ ही सर्वांत उपयोगी, कारण अरुंद पायवाटेवर किंवा उतरणीवर कुत्रा आपल्या पुढे नको, आपण पाडलेल्या पावलांच्या खड्ड्यांतून मागे यायला हवा. याच काळात त्याला उचलून घेण्याची, पंजे हाताळू देण्याची आणि बूट घालून चालण्याची सवय लावावी. बूट घातल्यावर पहिले दोन दिवस कुत्री तापल्या तव्यावर चालल्यासारखे पाय उचलतात. हसू आवरून त्यांना खाऊ द्यावा आणि फिरायला न्यावे, चालताना त्यांना बुटांचा विसर पडतो.

वाट निवडताना

प्रथम त्या भागात कुत्रा नेण्यास परवानगी आहे का ते पाहावे. जगभर अनेक राष्ट्रीय उद्यानांत आणि अभयारण्यांत कुत्र्यांना बंदी असते, आणि त्यामागे कारण आहे. हिवाळाभर अर्धपोटी राहिलेली हरणे आणि इतर जनावरे या दिवसांत अंगातील शेवटच्या चरबीवर जगत असतात, आणि खोल बर्फात कुत्र्याने दोन मिनिटे केलेला पाठलागसुद्धा त्यांना फार महागात पडतो. अस्वले हिवाळी झोपेतून बाहेर येण्याचेही हेच दिवस आहेत. अस्वलावर भुंकून आलेला कुत्रा शेवटी धावत मालकाकडेच येतो, आणि तेही एकटा नव्हे.

त्यानंतर उताराचा विचार. हिमस्खलने मुख्यतः ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात, त्यामुळे कुत्र्यासोबतची वाट ३० अंशांपेक्षा बऱ्याच कमी उताराची असावी आणि ती अशा तीव्र उतारांच्या पायथ्यातूनही जाऊ नये. वरून सुटलेला बर्फ सपाटीवर बराच पुढे येतो. समोच्च रेषांच्या (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांच्या) नकाशावरून उताराचा अंदाज घरीच घेता येतो आणि प्रत्यक्ष जागेवर मोबाइलमधील कोनमापक पुरतो. ज्या प्रदेशात हिमस्खलनाचे रोजचे अनुमान प्रसिद्ध होते तेथे ते वाचल्याशिवाय निघू नये. हे अनुमान पाच पातळ्यांचे असते, आणि तिसरी पातळी जाहीर झालेली असेल तर कुत्र्यासोबत जंगलातील सौम्य वाटेपलीकडे जाऊ नये, असे माझे मत आहे. तिसरी म्हणजे मधली, म्हणून ती पुष्कळांना ‘ठीकठाक’ वाटते. प्रत्यक्षात त्या पातळीवर एका माणसाच्या वजनानेही उतार सुटू शकतो.

येथे एक प्रश्न हमखास विचारला जातो : कुत्र्याच्या अंगावर ट्रान्सीव्हर, म्हणजे हिमस्खलनात गाडलेल्याचा शोध घेता यावा म्हणून रेडिओ संकेत सोडणारे आणि पकडणारे यंत्र, बांधावा का? माणसांचे ट्रान्सीव्हर ४५७ किलोहर्ट्झवर चालतात. तसाच कुत्र्याला बांधला तर बर्फाखाली माणूस आहे की कुत्रा हे शोधणाऱ्याला कळत नाही, आणि जी मिनिटे माणसासाठी हवी होती ती कुत्र्याला उकरण्यात जातात. म्हणून तो बांधू नये. मन कितीही दुखावले तरी यात तडजोड नाही. याचा सरळ अर्थ असा की कुत्रा गाडला जाऊ शकेल अशा ठिकाणी त्याला न्यायचेच नाही.

आणखी एक नियम मी स्वतःसाठी घालून घेतला आहे. ज्या वाटेवर मला क्रॅम्पॉन (बुटांखाली बांधायचे लांब लोखंडी दात) आणि आइस अॅक्स (बर्फात रोवायची कुऱ्हाड) लागेल, त्या वाटेवर कुत्रा येणार नाही. कठीण बर्फावर कुत्र्याची नखे बऱ्यापैकी धरतात, पण एकदा घसरल्यावर स्वतःला थांबवण्याचे साधन त्याच्याकडे नसते. शिवाय पायांत घुटमळणाऱ्या कुत्र्याच्या पंजावर क्रॅम्पॉनचा दात पडणे ही फार सोपी दुर्घटना आहे. बुटांना चढवायच्या लहान दातांच्या साखळ्या चालतील, तरी त्या घातल्यावर कुत्रा एक हात लांबच ठेवावा. स्कीवर जाणाऱ्यांनी तर अधिकच जपावे, कारण स्कीच्या धारदार कडेने कुत्र्याच्या पायाची शीर किंवा स्नायुबंध कापला जाण्याचे प्रसंग घडतात.

नकाशावर ओढे आणि तळी कोठे आहेत तेही खुणेने नोंदवावे. या दिवसांत ओढ्यांवरचे बर्फाचे पूल आतून पोखरलेले असतात. वरून पांढरी सपाटी दिसते आणि कान दिला तर खालून पाण्याचा आवाज येतो; असा आवाज आला की कुत्रा दोरीला घ्यावा आणि वळसा घालावा. गोठलेल्या तळ्यावर तर कुत्र्याला जाऊच देऊ नये, आणि तो पाण्यात पडलाच तर त्याच्यामागे उडी घेऊ नये. काठावरून हाका मारून, ज्या कडेने तो आत गेला त्याच कडेकडे त्याला वळवावे, कारण तेथवरच्या बर्फाने त्याचे वजन पेलले होते.

आदली रात्र आणि निघण्याची वेळ

हवामानाचा अंदाज पाहताना बहुतेकजण दिवसाचे कमाल तापमान पाहतात. वसंतात आदल्या रात्रीकडे आधी पाहावे. निरभ्र रात्री बर्फाचा पृष्ठभाग आपली उष्णता आकाशाकडे सोडतो आणि हवा शून्याच्या किंचित वर असली तरी तो गोठू शकतो. ढगाळ रात्री ती उष्णता अडून राहते, बर्फ गोठत नाही आणि पहाटेसुद्धा तो भुसभुशीतच असतो. रात्री ढग होते आणि तापमान शून्याखाली गेले नाही, तर सकाळचे ऊन कितीही लोभस असले तरी बेत पुढे ढकलावा. पायथ्याच्या तापमानावरून वरचा अंदाज काढायचा असेल तर दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश कमी धरावेत आणि वाऱ्याचा गारवा वेगळा मोजावा.

निघायचे ते उजाडण्याच्या सुमारास. उत्तर गोलार्धात पूर्वेकडचे उतार आधी तापतात, मग दक्षिणेकडचे आणि शेवटी पश्चिमेकडचे. उत्तरेकडचा बर्फ सर्वांत जास्त टिकतो. म्हणून परतीची वाट दुपारी कोणत्या उतारावर असेल हे जाण्याच्या वाटेपेक्षा अधिक काळजीने पाहावे. परत फिरण्याची वेळ घड्याळाने ठरवावी आणि सोबत्यांना मोठ्याने सांगावी. मी साधारणपणे अकरा ही वेळ धरतो, मग माथा शंभर मीटरवर असला तरी. साध्या पायवाटेच्या ट्रेकला लागणाऱ्या वेळाच्या दीडपट ते दुप्पट वेळ बर्फात लागतो, हेही गणितात घ्यावे.

पंजे

या विषयावर थोडे रेंगाळणे भाग आहे, कारण कुत्र्यासोबतच्या बर्फातील चढाया बहुधा पंजांपाशीच फसतात.

कुत्र्याचे तळवे बर्फावर गोठत कसे नाहीत, याचे उत्तर रक्तवाहिन्यांच्या रचनेत आहे. पंजाकडे गरम रक्त नेणाऱ्या धमन्यांना परतीच्या शिरांच्या जाळ्याने वेढलेले असते, त्यामुळे गार होऊन परतणारे रक्त वाटेतच ऊब घेते आणि अंगातील उष्णता तळव्यांतून वाहून जात नाही. म्हणजे निरोगी कुत्र्याला साधा थंड बर्फ फारसा त्रास देत नाही. त्रास देतो तो बोटांच्या बेचक्यांत साचणारा ओला बर्फ आणि पायांना खरचटणारी कडक खपली, म्हणजे मऊ बर्फावर गोठलेला पातळ थर, आणि वसंतात या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी भेटतात.

ओल्या बर्फाचे गोळे बोटांमधील केसांना धरून वाढतात. वाटाण्याएवढा गोळा तासाभरात अक्रोडाएवढा होतो, बोटे फाकवतो आणि चालताना आतली कातडी घासत राहतो. म्हणून निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी तळव्यांमधले केस गाद्यांच्या पातळीला कापून घ्यावेत. त्याहून खोल कात्री घालू नये, तेथे कातडी फार पातळ असते. नखे आखूड करून घ्यावीत, पण बर्फावर पकड राहील इतकी ठेवावीत. निघताना मेणाचे मलम किंवा साधी पेट्रोलियम जेली बेचक्यांतही चोळावी. ती तीन-चार तासांत उतरते, म्हणून डबी खिशात असावी, पाठपिशवीच्या तळाशी नव्हे.

बूट घालावेत की नाही यावर अनुभवी लोकांतही मतभेद आहेत. माझा अनुभव असा की पूर्ण दिवस बूट घातलेला कुत्रा निसरड्या जागी नखांची पकड गमावतो, पण खपली तुटणाऱ्या बर्फात बूट नसणे परवडत नाही. म्हणून बूट सोबत न्यावेत आणि गरज पडेल तेव्हा घालावेत. ते एक-दोन तरी हरवतातच, त्यामुळे चार नेऊन भागत नाही. अलास्कात दर मार्चमध्ये होणाऱ्या इडिटारॉड या सुमारे १६०० किलोमीटरच्या स्लेज शर्यतीत प्रत्येक कुत्र्यामागे आठ बूट बाळगण्याचा नियम आहे, आणि तोच हिशोब आपणही धरावा. पट्टी बांधताना तिच्याखाली एक बोट जाईल इतकी सैल ठेवावी. घट्ट पट्टीने रक्त अडते आणि वर सांगितलेली ऊब राखण्याची सगळी व्यवस्थाच निकामी होते. दर विश्रांतीला बूट काढून आत बर्फ साचला आहे का ते पाहावे.

खपली काय करते ते मी एकदा जवळून पाहिले आहे. सकाळचे दहा वाजले होते, बर्फ माझे वजन पेलत होता आणि माझी बावीस किलोची कुत्री पुढे निवांत चालली होती. मग तिचा पुढचा पाय कोपरापर्यंत आत गेला. तिने तो ओढून काढला, चार पावले गेली, पुन्हा तेच. वीस-पंचवीस पावलांनी बर्फावर लाल ठिपके दिसू लागले, प्रत्येक ठशाशेजारी एक, कुंकवाच्या बोटासारखा. पायाच्या आतल्या बाजूला वर जे अधांतरी नख असते, ते खपलीच्या कडेला अडकून मुळापासून उचकटले होते आणि नडग्यांवरचे केस किसणीने किसावे तसे गेले होते. ती ओरडली नव्हती, लंगडतही नव्हती. मी ठिपक्यांकडे पाहिले नसते तर ती तशीच माथ्यापर्यंत आली असती. तेव्हापासून बर्फ कोवळा पडू लागला की ते नख मी चिकटपट्टीने पायाशी सैलसर लपेटून टाकतो आणि दर अर्ध्या तासाने मागे वळून ठसे पाहतो.

सामान, खाणे आणि पाणी

गळ्यातील पट्ट्याला दोरी लावून कुत्र्याला बर्फावर नेऊ नये. घसरला तर गळ्याला फास बसतो. छातीवर इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचा आणि पाठीवर भक्कम मूठ असलेला हार्नेस घ्यावा, ज्या मुठीला धरून त्याला खडकावरून उचलता येते. त्याच्या पाठीवर पिशवी लादण्याचा मोह खोल बर्फात टाळावा. विश्रांतीसाठी फोमच्या चटईचा तुकडा, आखूड केसांच्या कुत्र्यासाठी जॅकेट, पाणी शोषणारा टॉवेल, डोक्याचा दिवा आणि खाली उतरवण्यासाठी झोळीसारखा उचलपट्टा एवढे तरी हवे. उचलपट्टा नसेल तर जुन्या चादरीची झोळी चालते, पण ती घरी एकदा कुत्र्याला घालून पाहिलेली असावी.

उन्हाचा विचार कुत्र्याच्या बाबतीत क्वचितच होतो. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत किरण परावर्तित करतो, आणि दर हजार मीटर उंचीला त्यांचे प्रमाण १० ते १२ टक्क्यांनी वाढते. गुलाबी नाकाच्या, पांढऱ्या तोंडाच्या कुत्र्यांचे नाक आणि कानांची टोके भाजतात. मात्र झिंक ऑक्साइड असलेले माणसांचे सनस्क्रीन लावू नये, कारण कुत्रा ते चाटतो आणि ते त्याला विषारी ठरते. कुत्र्यांसाठीचे मिळाले तर उत्तम. जर्मन शेफर्डमध्ये डोळ्याच्या बुबुळावर पडदा चढण्याचा एक आजार आढळतो, तो उंचीवरील उन्हाने बळावतो. अशा कुत्र्याला गॉगलची सवय लावणे फायद्याचे आहे.

पोटभर जेवण निघण्याच्या दोन-तीन तास आधी द्यावे. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांमध्ये भरल्या पोटी श्रम झाले तर पोट फुगून त्याला पीळ बसण्याचा धोका असतो, आणि तो काही तासांत जिवावर बेततो. वाटेत मूठ-मूठ खाऊ दर तासाला द्यावा. आपल्या डब्यातील चॉकलेट, मनुका आणि द्राक्षे, कांदा घातलेले पदार्थ आणि झायलिटॉल असलेली साखरविरहित मिठाई कुत्र्यासाठी विष आहे. दमलेल्या सोबत्याला आपला घास देण्याची माया येथे आवरावी लागते.

पाण्याबाबत ‘तो बर्फ खाईल की’ असे म्हणून चालत नाही. थोडा हिशोब करून पाहू. एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी लागतात आणि ते पाणी अंगाच्या उष्णतेला आणायला आणखी सुमारे ३८; म्हणजे अर्धा किलो बर्फ खाल्ला तर जवळजवळ ६० किलोकॅलरी उष्णता केवळ तो वितळवून कोमट करण्यात जाते. वीस किलोच्या कुत्र्याची स्वस्थ पडून असतानाची दिवसाची गरज साधारण ६६० किलोकॅलरी असते, म्हणजे त्याच्या जवळजवळ अकराव्या हिश्शाएवढी, आणि मिळाले काय तर अर्धा लिटर पाणी. चढताना अंग तापलेले असल्यामुळे चार घास बर्फाने बिघडत नाही, किंबहुना त्याला बरे वाटते. विश्रांतीच्या वेळी किंवा भिजलेल्या अंगाने तो बर्फ खाऊ लागला तर मात्र थांबवून कोमट पाणी पाजावे. श्रम नसतानाही कुत्र्याला दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागते. चढाईच्या दिवशी त्याच्या दीडपट तरी न्यावे, आणि त्यातील काही थर्मॉसमध्ये. ओढ्याचे पाणी पिऊ देऊ नये, त्यातून जिआर्डियासारखे जंतू पोटात जातात.

चढताना

पहिल्या पंधरा मिनिटांनंतर एकदा थांबून हार्नेस कोठे घासतो का आणि पंज्यांत काही साचले आहे का ते पाहावे. त्यानंतर दर अर्ध्या तासाला पंजे, दर तासाला पाणी आणि खाऊ हा क्रम मोडू नये, अगदी ‘त्या टेपाडापर्यंत जाऊ आणि मग थांबू’ असे वाटले तरीही. दोरी लावलेली असताना ती स्वतःच्या कमरेला बांधू नये. घसरणारा कुत्रा माणसाला आणि घसरणारा माणूस कुत्र्याला सोबत ओढून नेतो. दोरी हातात असावी आणि सोडता यावी. स्नोशूज (बर्फात रुतू नये म्हणून बुटांखाली बांधायच्या रुंद चौकटी) घालून चालणाऱ्यांना एक गंमत लवकरच कळते : ‘मागे’ ही आज्ञा नीट शिकलेला कुत्रा स्नोशूच्या शेपटावर पाय ठेवून चालतो आणि आपण तोंडघशी पडतो. त्याला दोन पावले मागे राहायलाही शिकवावे लागते.

धारेवर वाऱ्याने पलीकडे झुकलेल्या बर्फाच्या छपऱ्या तयार होतात. वरून त्या जमिनीचाच भाग वाटतात, आणि कुत्र्याला कडेवर जाऊन खाली डोकावायची भारी हौस असते. धारेवर त्याला आखूड दोरीला घ्यावे आणि कडेपासून बरेच आत, शक्यतो खडक किंवा झुडुपे दिसत असतील त्या बाजूने चालावे. दाट सूचिपर्णी झाडांच्या बुंध्याभोवती फांद्यांखाली पोकळ खड्डे असतात, त्यांत लहान कुत्रा दिसेनासा होतो.

उंचीचा त्रास कुत्र्यांनाही होतो. अडीच हजार मीटरच्या वर जायचे असेल तर एक मुक्काम खाली करून जावे. खाणे नाकारणे, उलटी आणि विश्रांतीतही न थांबणारी धाप दिसली तर वर न जाता खाली उतरावे.

परत फिरण्याच्या खुणा

ठरलेली वेळ झाली की फिरायचेच, पण काही वेळा त्याआधीच फिरावे लागते. बुटाखाली बर्फ घोट्यापर्यंत ओला लागू लागला, वरच्या उतारावरून बर्फाची लहान चाके आपोआप गडगडत येऊ लागली, पायाखाली ‘धप्प’ असा पोकळ आवाज आला किंवा बर्फात तडा पळत गेला, तर चर्चा न करता आलेल्या वाटेने किंवा आणखी सौम्य वाटेने उतरावे.

कुत्र्याच्या खुणा अधिक बारीक असतात. तो पुढे न पळता आपल्या पावलांत चालू लागणे, थांबल्यावर आळीपाळीने पंजे उचलून धरणे, पंजे चाटणे किंवा चावणे, खाऊकडे पाहून तोंड फिरवणे, बसल्यावर उठायला वेळ लावणे. यांतील कोणतीही एक दिसली तर थांबून पाहावे. दोन दिसल्या तर परत फिरावे. वारा नसलेल्या, उन्हाने झळाळणाऱ्या खोलगट जागेत काळ्या केसांचा कुत्रा बर्फात उभा असूनही तापू शकतो, हे पुष्कळांना पटत नाही. जीभ रुंद आणि गडद लाल होऊन तो सावली शोधू लागला तर जॅकेट काढून सावलीत बसवावे.

उतरताना कुत्र्याला उत्साह येतो आणि दमलेले खांदे अधिक भार घेतात. त्याला मागे ठेवावे, वेग आपण ठरवावा. बसून घसरत उतरण्याची मजा कुत्रा सोबत असताना करू नये. तो ते खेळणे समजून अंगावर झेपावतो.

काही बिघडले तर

दुखावलेला कुत्रा मालकालाही चावतो. उलटी होत नसेल आणि श्वास ठीक असेल तर बँडेजच्या पट्टीने तोंड हलके बांधूनच जखमेला हात लावावा. जखम स्वच्छ पाण्याने धुऊन तिच्यावर जाळीची घडी आणि स्वतःलाच चिकटणारी पट्टी गुंडाळावी, पण बोटांची टोके उघडी ठेवावीत, म्हणजे सूज आली तर दिसते. उचकटलेल्या नखाचे रक्त थांबत नसेल तर पाच मिनिटे न सोडता दाब द्यावा. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या, म्हणजे आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल, कदापि देऊ नयेत.

कुत्र्याचे नेहमीचे तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते. गुदद्वारातून मोजलेले तापमान ३७ च्या खाली गेले तर अंग गारठू लागले असे समजावे. थंडीने कुडकुडणे ही पहिली खूण आहे, आणि कुडकुडणे थांबून तो सुस्तावला तर ती सुधारणा समजू नये, ती त्याहून वाईट अवस्था असते. त्याला चटईवर घेऊन पुसावे, कोरड्या कपड्यांत गुंडाळून आपल्या अंगाशी धरावे आणि लवकरात लवकर खाली न्यावे. कानांची टोके, शेपूट किंवा पंजे फिकट आणि कडक झाले असतील तर ते चोळू नयेत. पुन्हा गोठण्याची शक्यता नसेल तेव्हाच कोमट पाण्याने हळूहळू ऊब द्यावी.

परतल्यावर

गाडीजवळ पोहोचल्यावर पहिले काम पंजे धुण्याचे. रस्त्यावर बर्फ वितळवण्यासाठी टाकलेले मीठ सोललेल्या कातडीला झोंबते आणि चाटले तर पोटात जाते. पार्किंगच्या जागी सांडलेले गाड्यांचे अँटिफ्रीझ चवीला गोड आणि अत्यंत घातक असते, म्हणून तेथील डबकी त्याला हुंगूही देऊ नयेत. कुत्र्याची विष्ठा बर्फात पुरून येऊ नये, पिशवीत भरून सोबत आणावी. बर्फ वितळला की ती जशीच्या तशी उघडी पडते आणि ओढ्यात जाते.

अंग कोरडे करताना बोटांच्या बेचक्या, काखा आणि कानांची मुळे हातांनी चाचपावीत. माथ्यावर बर्फ असला तरी खालच्या वितळलेल्या गवतात गोचिडी चार-पाच अंश तापमानातही जाग्या झालेल्या असतात. सापडलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढावी, पिळू नये. जेवण अर्धा-पाऊण तास थांबून, दोन हप्त्यांत द्यावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला अंगणात किंवा घरात चालताना पाहावे. थोडा आखडलेपणा दिवसभरात जातो. डोळे लाल होऊन तो उजेडाकडे पाहत नसेल, किंवा एखादा पाय टेकवत नसेल, तर पशुवैद्याकडे न्यावे. कधी कधी, विशेषतः लॅब्रॅडॉरसारख्या कुत्र्यांत, शेपूट मुळाशी थोडी ताठ राहून पुढे दोरीसारखी लोंबते आणि हात लावला की तो कळवळतो. ते पाहून माणूस घाबरतो, पण गारठा, ओल आणि अतिश्रम यांनी शेपटीचे स्नायू दुखावल्याचे ते लक्षण असते आणि विश्रांतीने बहुधा काही दिवसांत ती पूर्ववत होते. तोवर फक्त गल्लीच्या टोकापर्यंत फिरायला न्यावे. सोललेल्या तळव्यांची कातडी भरून यायला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि पुढच्या चढाईची तारीख त्यानंतरच धरावी.